कनेक्टेड: वरचा मजला

ही गोष्ट खरी आहे.

सगळे असंच म्हणतात, माहीत आहे मला. मीही असल्या "शंभर टक्के खऱ्या" गोष्टी वाचून फिदीफिदी हसलेली आहे. तुम्हीही हसा. पण शेवटी मी एक प्रश्न विचारणार आहे, तेव्हा मात्र हसू नका.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. काळोखी रात्र नव्हती. स्मशान नव्हतं, विहीर नव्हती. भर दुपार होती, पंखा गरगरत होता आणि खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

माझी मावशी म्हणजे सरळ बाई. फूटपट्टीसारखी सरळ. वाकणार नाही, आणि वेळ आली तर सपकन लागेल. शिंपी कापड कापण्याआधी जे कागदी साचे त्यावर ठेवतात ना, ते ती बनवते. कॉम्प्युटरवर आखायचे, मोठ्या कागदावर छापायचे, कात्रीने कापून दुकानांना पोचवायचे. एकटी राहते. दुसऱ्या मजल्यावर.

तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, तारकाका राहायचे. जन्मभर खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा जोडल्या, म्हणून तारकाका. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात.

दोघांची दोस्ती अशी की लोकांनी दोन-चार वर्षं कुजबुज केली आणि मग कंटाळून सोडून दिली.

मावशीचा लॅपटॉप जुना. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर भाजी चिरून व्हायची. तारकाकांनी त्यावरचं सगळं पुसून विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं आणि म्हातारं मशीन टुणटुणीत झालं. इंटरनेटही त्यांचंच वापरायची. त्यांच्या वायफायचं नाव होतं 'वरचा मजला'.

शिकवलंही त्यांनीच.

"हे बघा कात्रीबाई, कॉम्प्युटरच्या ओळखीची दोन नेटवर्कं असली तर आधी कुठलं धरायचं, ते आपण ठरवायचं. सेटिंगमध्ये 'आपोआप जोडा' अशी खूण असते. तिच्या शेजारी एक आकडा असतो. मोठा आकडा, मोठा मान. लक्षात राहील?"

"तुमचं एकच तर आहे. दुसरं आणायचंय कुणाला?"

"आज नाही. उद्याचं कोणी पाहिलंय?"

चहाचीही एक रीत होती. काका बाथरूमच्या फरशीवर टमरेल आपटायचे. खाली मावशीच्या बाथरूममध्ये स्पष्ट ऐकू यायचं. तीन ठोके, म्हणजे वर या. मावशी फरशी पुसायच्या काठीने छताला उत्तर द्यायची. एक ठोका, येतेय. दोन ठोके, आज नाही.

हे ठोके लक्षात ठेवा.

मग छत गळायला लागलं.

काकांच्या बाथरूमखालून ओल उतरली. आधी डाग, मग फुगवटा, मग थेंब. शाळेच्या गणवेशांचे साचे भिंतीशी रचून ठेवले होते. महिनाभराचं काम. सगळ्याचा लगदा झाला.

मावशी वर गेली. काका म्हणाले, "माझं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे. तुमचीच भिंत घामट असेल."

प्लंबर आला. बघून म्हणाला, वरची फरशी फोडल्याशिवाय इलाज नाही.

"फरशीला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "ती माझ्या बायकोने निवडलीय."

"आणि माझं काम भिजलं ते?"

"त्याला मी काय करू?"

झालं! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात तिने स्वतःचं वेगळं इंटरनेट घेतलं. वायफायला नाव दिलं 'आधी छत'. म्हणजे यादी उघडली की काकांना दिसलंच पाहिजे.

मग तिने सेटिंग उघडलं आणि आकडे घातले. स्वतःच्या नेटवर्कला 1. 'वरचा मजला'ला 10.

"पहिला नंबर माझा," ती म्हणाली. "हे महाशय दहावे."

शाळेपासून आपल्या डोक्यात तेच बसलंय ना. पहिला तो मोठा. काकांनी सांगितलेलं पालथ्या घड्यावर पाणी. रागाच्या भरात उलटं होऊन बसलं, आणि तिला कळलंही नाही. कारण काकांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या वायफायचं नाव बदललं. ते जुनं नाव हवेत उरलंच नाही, मग मशीन धरणार कशाला?

नवं नाव होतं 'छत कुणाचं?'

मावशीने लिहिलं, 'गळका इसम'.

वरून आलं, 'भांडकुदळ'.

त्या नावात आपली अक्षरं, काने-मात्रे धरून, जेमतेम दहा मावतात. तेवढ्या जागेत दोघं म्हातारे जिन्यात न बोलता एकमेकांचा उद्धार करत होते आणि सगळी इमारत फोनवर यादी उघडून मजा बघत होती. शेवटी मावशी कंटाळून परत 'आधी छत'वर आली. काकांचं 'खडूस खालची' तसंच राहिलं. तिने यादी बघणंच सोडलं. काकांचा फोन नंबरही ब्लॉक केला.

चहा बंद. ठोके बंद.

आता ती दुपार.

शनिवार होता. सकाळी कोणीतरी रस्ता खणताना केबल तोडली होती आणि सगळ्या गल्लीचं इंटरनेट गेलं होतं. मावशीला त्याचं काही नव्हतं. ती साचे आखत होती.

दुपारी टेबलावर पाणी पडलं.

थेंब नाही... धार.

बाथरूममधून भिंतीच्या कडेने पाणी थेट कामाच्या खोलीत आलं होतं. मावशीने लॅपटॉप फटकन मिटला, छातीशी धरला, स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. कागद उचलले. शिव्या दिल्या. काम वाचलंय का बघायला लॅपटॉप उघडला.

कोपऱ्यात एक चौकट उमटली.

'कनेक्टेड: वरचा मजला.'

ती बघतच राहिली. ते नाव तिने किती महिन्यांत पाहिलं नव्हतं. म्हणजे वरच्याने जुनं नाव परत ठेवलं होतं, आणि तिच्या मशीनने तिच्या स्वतःच्या नेटवर्कला बाजूला सारून ते धरलं होतं. ज्याला शेवटचं बसवलं होतं, तेच पहिलं जाऊन बसलं होतं.

आणि तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

बाथरूमच्या छतातून. तीन.

तुम्ही काय समजला असता? मावशी काय समजली ते सांगते. छतातून नदी वाहतेय, माझं काम बुडतंय, आणि हा माणूस माफीचा शब्द न काढता चहाला बोलावतोय! सगळ्या गल्लीत नेट नाही, आणि हा रिकामं वायफाय पाठवून लाडीगोडी लावतोय!

"आधी छत, मग चहा!" ती ओरडली. काठी घेतली आणि छतावर आपटली.

दोनदा.

आज नाही.

वर थोडा वेळ शांत. मग...

ठक. ठक. ठक.

"निर्लज्ज!" तिने पुन्हा दोनदा आपटली. आणखी जोरात. प्लास्टरचा पोपडा तिच्याच डोळ्यात पडला. मग ती स्वयंपाकघरात गेली, सेटिंग उघडलं, 'वरचा मजला'समोरची 'आपोआप जोडा'ची खूण काढून टाकली, ओले साचे पिशवीत कोंबले, दाराला कुलूप घातलं आणि तरातरा आमच्याकडे आली.

आमचं घर बैठं. माणसं बरीच आणि खोल्या दोन. तिने आल्या आल्या सगळं साग्रसंगीत सांगितलं, काठी कशी आपटली ते झाडू घेऊन करून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. रविवारीही ती आमच्याकडेच राहिली.

सोमवारी काकांच्या दाराखालून जिन्यात पाणी आलं, तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं.

काका बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. नळ वर चालूच होता, त्यांचा हात पोचत नव्हता. फोन स्वयंपाकघरात. हातात टॅब होता, अंघोळीच्या वेळी गाणी लावायला ठेवलेला. त्यात सिम नव्हतं.

मुलगी आली. चार दिवस राहिली. सगळं उरकलं. जायच्या आदल्या दिवशी मावशीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मावशी, डॉक्टर म्हणतात नक्की सांगता येत नाही. लगेच गेले असतील, किंवा बराच वेळ पडून असतील. तुम्हाला काही ऐकू आलं होतं का हो?"

मावशी म्हणाली, "मी घरी नव्हते गं. बहिणीकडे गेले होते."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. लगेच गेले असतील. त्रास नसेल झाला."

मुलीने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "एक कळत नाही. टॅबवर वायफायच्या सेटिंगचं पान उघडं होतं. बाबांनी शेवटी नाव बदललं होतं. बाहेरची केबल तुटलेली, नेट नव्हतंच. मग मरताना माणूस वायफायचं नाव कशाला बदलेल?"

मावशीला कळलं. त्या क्षणी कळलं. तारा जोडणारा माणूस होता तो. बाहेरची तार मेली तरी दोन मजल्यांमधली हवा जिवंत आहे, हे त्याला माहीत होतं. ही बया नावांची यादी उघडत नाही, हेही माहीत होतं. तिच्या मशीनला आपोआप कळेल असं एकच नाव जगात होतं.

"काय की," मावशी म्हणाली. "म्हातारपणी काहीही सुचतं माणसाला."

मुलीने घराची किल्ली मावशीकडे ठेवली. कोणी भाडेकरू आले तर दाखवा म्हणाली. काकांचा राउटर तिने खोक्यात घालून सोबत नेला. वीज बंद केली. पाण्याचा मुख्य नळ बंद केला. मावशीच्या छताला नवं प्लास्टर झालं. पांढरं स्वच्छ.

प्लास्टर वाळलं, त्याच्या दुसऱ्या दुपारी मावशीने लॅपटॉप उघडला...

'कनेक्टेड: वरचा मजला.'

वर राउटर नाही. वीज नाही. माणूस नाही.

मावशी घाबरली असेल असं वाटतं ना? ती चिडली. तिला वाटलं मशीन बिघडलं. सेटिंग उघडलं. 'आपोआप जोडा'समोर खूण परत आली होती. तिने काढली. झाकण मिटलं, उघडलं. खूण परत. सगळं नेटवर्कच पुसून टाकलं. झाकण मिटलं, उघडलं. नाव परत, आकडा तोच, दहा.

तेव्हा कुठे तिला काकांचं बोलणं आठवलं. मोठा आकडा, मोठा मान.

"असं होय?" म्हणाली, आणि स्वतःच्या नेटवर्कला 50 दिले.

उघडलं. 'वरचा मजला' 51.

तिने 200 केले. तो 201.

तुम्हाला गंमत वाटेल, पण माझी मावशी एका मेलेल्या माणसाशी आकड्यांत भांडत होती, दातओठ खात, भर दुपारी, एकटी. ती हरणारी बाई नव्हे. तिने सरळ 999 टाकले. त्याच्या पुढचा आकडा ती चौकट घेतच नाही.

"आता घाल पुढचा!" ती छताकडे बघून म्हणाली.

झाकण मिटलं. उघडलं.

'कनेक्टेड: वरचा मजला.'

सेटिंग उघडलं तर... त्याचे दहा होते. तिचा एक.

तिने त्या रागाच्या दिवशी घातले होते, तस्सेच.

मग सिग्नल वाढायला लागला.

वायफायच्या खुणेत वर चढत जाणारे पट्टे असतात, माहीत आहे ना? जवळ गेलं की भरतात. पहिल्या दिवशी ते फक्त बाथरूमच्या दारात भरायचे. ठीक आहे, काकांचं बाथरूम बरोब्बर वरच. पण मग ते पॅसेजमध्ये भरायला लागले. मग कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर. एके दुपारी ती टेबलाशी बसून बाहीचा साचा आखत होती आणि तिने सहज कोपऱ्यात पाहिलं.

सगळे पट्टे भरलेले.

खुर्चीच्या मागे कोणी उभं असावं इतके भरलेले.

तिने मागे वळून पाहिलं नाही. नुसती म्हणाली, "काय पाहिजे?"

टप...

पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. छत कोरडं. फरशी कोरडी.

आणि बाथरूममधून...

ठक. ठक. ठक.

तेव्हा तिचा बांध फुटला. आयुष्यभर ज्याला अहो-जाहो केलं त्याला ती अरे-तुरे करत ओरडली. "छत तुझं गळलं! फरशी तू फोडू दिली नाहीस! आणि आता दोषी मी? काय सांगू तुझ्या पोरीला? तुझा बाप बोलावत होता आणि मी काठी आपटत होते? तिचं काय भलं होणारे ते ऐकून? मेल्यावर तरी गप्प बस!"

ठक. ठक. ठक.

"थांब, येतेच!"

तिने घराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. एका हातात लॅपटॉप, एका हातात वरची किल्ली. फोन टेबलावरच राहिला. ती दाणदाण जिना चढून वर गेली.

वरचं घर रिकामं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. कोंदट वास. ती तडक बाथरूममध्ये शिरली आणि लॅपटॉप उघडून त्या पट्ट्यांकडे पाहिलं.

एकही नाही.

'वरचा मजला' यादीतच नव्हता. जे काही होतं ते वर नव्हतंच.

मग तिची नजर खाली गेली.

मोरीशेजारी फरशीची एक लादी फुटली होती. निळ्या वेलबुट्टीची, काकांच्या बायकोने निवडलेली. जिला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मधोमध खड्डा पडला होता, आणि त्यातून भेगा चारी बाजूंना गेल्या होत्या. शेजारी टमरेल. त्याची कड चेपून आत गेलेली.

दोन-चार ठोक्यांनी लादीला असा खड्डा पडत नाही. कोणीतरी तासन्‌तास ठोकलं होतं. शनिवारी संध्याकाळी, रात्री, कदाचित रविवारीही. खालचं माणूस बहिणीच्या घरी झाडू घेऊन नक्कल करत होतं तेव्हाही.

मावशी त्या लादीशेजारी मटकन बसली. आणि तिच्या पाठीमागे...

दार लागलं.

दार पाण्याने फुगलेलं होतं. चौकटीत घट्ट रुतलं. तिने ओढलं. कडी हातात आली. लाथा घातल्या. हाका मारल्या. सगळ्यात वरचा मजला, दुपारची वेळ, लोक कामावर. कोणाला ऐकू जाणार?

शेवटी तिने तेच केलं, जे तिथे पडलेलं कुठलंही माणूस करेल.

टमरेल उचललं. फरशीवर आपटलं.

ठक. ठक. ठक.

खाली तिचं घर होतं. कुलूप लावलेलं. रिकामं. किल्ली तिच्या कमरेला.

खालून, तिच्या स्वतःच्या छतावर, काठीने कोणीतरी उत्तर दिलं...

ठक. ठक.

आज नाही.

तिने परत तीन वाजवले. खालून परत दोन. आणखी जोरात, चिडून. "माझाच हात होता गं तो," ती मला नंतर म्हणाली. "मी माझा राग ओळखते."

हे सगळं तिच्या मनाचे खेळ असं मीही म्हटलं असतं. पण त्या संध्याकाळी तिथे मी गेले होते.

ती फोन उचलत नव्हती म्हणून आईने मला पाठवलं. दाराला कुलूप. आत तिचा फोन वाजतोय. मी दाराला कान लावला, आणि फोन थांबल्यावर मला ऐकू आलं. आत, बाथरूमच्या बाजूला, लाकूड छतावर आपटल्याचा आवाज.

दोनदा.

मी हाक मारली, "मावशी?" आवाज थांबला. आणि मग वरून, अगदी बारीक, तीन ठोके आले.

मी वर धावले. घराचं दार उघडंच होतं, खांदा मारून बाथरूमचं दार उघडलं. ती भिंतीला टेकून बसली होती, टमरेल मुठीत धरून. तिची बोटं मला एक-एक करून सोडवावी लागली.

खाली येऊन कुलूप उघडलं. घरात कोणी नव्हतं. काठी नेहमीच्या कोपऱ्यात उभी. पण बाथरूमच्या नव्या कोऱ्या प्लास्टरवर काठीच्या टोकाएवढे गोल खळगे होते. दोन-दोनच्या जोड्यांनी. खाली फरशीभर पांढरा चुरा.

त्या रात्री तिने मला सगळं सांगितलं. आमच्या घरी, माझ्या शेजारी झोपून, छताकडे बघत. मी म्हटलं, "उद्या फोन कर काकांच्या मुलीला, खरं सांग. एवढंच तर हवंय त्यांना."

"काय हवंय ते तुला काय माहीत?"

"मग दुसरं काय असणार?"

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "माझ्याने तिचा आवाज ऐकवणार नाही. तूच सांग. तुझ्या तोंडून तिला बरं वाटेल."

आणि कूस बदलून झोपली. कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. आता आमच्याकडेच राहते. लॅपटॉपला हात लावत नाही, हाताने साचे आखते. परवा तर गुणगुणत होती.

मला राग येतोय. खरंच सांगते, भीतीपेक्षा राग जास्त येतोय. भांडण तिचं. काठी तिची. खोटं ती बोलली. आणि सांगून मोकळी झाली मला!

मी अजून फोन केलेला नाही. नंबर माझ्याकडे आहे. दोनदा काढला आणि ठेवून दिला. काय सांगायचं? "तुमचे वडील लगेच गेले नाहीत"? ती बिचारी ज्या एका वाक्यावर झोपते, ते मी काढून घेऊ? माझा काय संबंध?

म्हणून इथे लिहितेय. सांगितल्यासारखंही होईल, आणि तिचा आवाजही ऐकावा लागणार नाही.

तो लॅपटॉप आता मी वापरते. मी सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकलं. कोरी पाटी. त्यात एकच नेटवर्क भरलं, आमच्या घरचं. दुसरं नाव त्या मशीनला माहीतच नाही.

आज दुपारी हे लिहायला म्हणून झाकण उघडलं...

'कनेक्टेड: वरचा मजला.'

पट्टे सगळे भरलेले. आता, या क्षणीही.

मी सांगितलं ना, आमचं घर बैठं आहे. वर कौलं, आणि कौलांवर आकाश. आमच्या घराला वरचा मजला नाही.

आणि ही ओळ लिहिताना माझ्या डोक्यावर, जिथे फरशी नाही, बाथरूम नाही, काहीच नाही, तिथे कोणीतरी फरशीवर टमरेल आपटतंय. तीनदा. थांबतं. पुन्हा तीनदा.

मावशी आतल्या खोलीत कात्री चालवतेय. तिला ऐकू येत नाहीये.

झाडू माझ्या हाताशी आहे. सांगा, मी एकदा वाजवू, की दोनदा?